क्षमा फुकट, भरपाई ज्याची त्याला, सेवा आनंदाने

मुंबईतल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत असा एक तरी माणूस असतो. उपासनेआधी खुर्च्या तोच लावतो, माइकची वायर तोच जोडतो, नाताळच्या पंगतीत सगळ्यांच्या शेवटी जेवतो तोही तोच. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. भाकर आणि प्याला जवळ आला की शेजाऱ्याकडे सरकवतो. विचारलं तर म्हणतो, "माझी कुठे लायकी? मी आपला काम करतो, तेवढंच."

त्याचं काम सगळ्यांनाच हवं असतं, म्हणून त्याला कुणी फारसं छेडत नाही. पण ख्रिस्ती विश्वासाच्या दृष्टीने इथे सगळा क्रमच उलटा झालाय. तो सेवेचे हप्ते भरत बसलाय, आणि कर्ज कधीच माफ झालंय हे त्याला कुणी धड सांगितलेलं नाही.

हा लेख त्याच्यासाठी आहे. आणि त्याच्या अगदी उलट टोकाच्या माणसासाठीही, ज्याला देवाच्या क्षमेची इतकी खात्री आहे की ज्याचे पैसे बुडवले त्याच्याच दारावरून तो "प्रभूची स्तुती असो" म्हणत बिनघोर निघून जातो.

माझं म्हणणं एवढंच की वह्या तीन आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. पहिली देव आणि तुम्ही यांच्यातली. तिच्यातली बाकी ख्रिस्ताने फेडली, तुमच्या कामाने ती फिटत नाही. दुसरी तुम्ही आणि ज्याचं नुकसान केलं तो माणूस यांच्यातली. तिथे देणं खरोखरच द्यावं लागतं. तिसरी वही देवाने तुमच्या हाती दिलेल्या कृपादानांची. ती कुणाचं कर्ज फेडायला दिलेली नाहीत, वाटायला दिलेली आहेत. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ८ ते १० या तीन ओळींत हाच क्रम आहे: तारण कृपेने, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी बढाई मारू नये, आणि लगेच पुढे, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेलो आहोत. सत्कृत्यं आहेतच, पण ती नंतर येतात.

आधी न्याहारी, मग काम

हा क्रम बघायचा असेल तर योहानाच्या शुभवर्तमानातले दोन विस्तव शेजारी ठेवून वाचा. अठराव्या अध्यायात येशूला धरून नेलंय, महायाजकाच्या अंगणात थंडी आहे, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय, येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा आहे आणि तीनदा म्हणतो, मी त्याचा नव्हे. एकविसाव्या अध्यायात तिबिर्या समुद्राच्या काठावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आणि भाकर. रात्रभर जाळं टाकून आलेल्या माणसांना येशू म्हणतो, या, न्याहारी करा.

जेवण झाल्यावर येशूचा पेत्राला प्रश्न सुरू होतो, तोही तीनदा: माझ्यावर प्रीती करतोस का? आणि प्रत्येक उत्तरामागोमाग काम सोपवलं जातं: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. "तू मला नाकारलंस, आता इतकी वर्षं मेंढरं राख, मग बघू" असं तिथे काही नाही. ज्याने पाठ फिरवली त्याला आधी वाढलं, मग त्याच्या जखमेलाच हात घातला, मग काम दिलं. वरळी किंवा वसईच्या कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला रात्रभर रिकामं जाळं ओढल्यावर पहाटे मिळणाऱ्या गरम घासाची किंमत सांगावी लागत नाही.

पापे पदरी घेणे: कुठे बसायचं, काय म्हणायचं

योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) सरळ आश्वासन आहे: आपण पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव विश्वसनीय व न्यायी आहे, तो क्षमा करील. अडचण आश्वासनाची नसते. अडचण असते ती पदरी घेण्याची, आणि मुंबईत तर आधी जागेची.

दहा बाय पंधराच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे एकांत कुठून आणायचा? म्हणून आधी जागा ठरवा. चर्च आठवड्याच्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारून घ्या. इमारतीची गच्ची, मरीन ड्राइव्हचा कठडा, पहिल्या शिफ्टला जाताना मिळणारी खिडकीची सीट, काहीही चालतं. मोबाइल मात्र बंद करून खिशात. निदान अर्धा तास हाताशी ठेवा.

आधी ५१वं स्तोत्र सावकाश वाचा. दावीद राजाच्या नावावरचं हे स्तोत्र त्याच्या सगळ्यात काळ्या कृत्यानंतरचं आहे: बथशेबेशी व्यभिचार करून तिचा नवरा उरीया याला त्याने लढाईत मारवलं, ते नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, त्यानंतरचं. त्यात एकही सबब नाही, हे लक्षात घ्या. राजावर कामाचा ताण होता, लढाई चालू होती, असं दाविदाला म्हणता आलं असतं.

मग एका कागदावर लिहा. "मी पापी आहे" असं ढोबळ लिहू नका. ते सगळेच म्हणतात आणि कुणालाच टोचत नाही. काय केलं, कुणाशी केलं, एवढंच लिहा. "आईच्या औषधाला म्हणून भावाकडून जास्त पैसे घेतले." "ऑफिसात दुसरीची चूक आहे असं साहेबांना भासू दिलं." वाक्यात "पण" आला की त्याच्या आधी पूर्णविराम द्या आणि पुढचं खोडा. प्रार्थना लांबलचक नको: "प्रभू, हे मी केलं. याला दुसरं कुणी जबाबदार नाही. येशूकरिता मला क्षमा कर आणि माझं मन नवं कर." त्यानंतर १०३व्या स्तोत्रातलं बारावं वचन मोठ्याने वाचा, पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितके आपले अपराध दूर केल्याचं. कागद फाडून टाका. ज्यांत दुसऱ्या माणसाचं देणं लागतं त्या ओळी तेवढ्या दुसरीकडे उतरवून ठेवा, त्या दुसऱ्या वहीच्या आहेत.

कॅथलिक वाचकांसाठी हे काम फादरांसमोरच्या पापनिवेदनात होतं. बऱ्याच चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी मिस्साच्या आधी त्याची वेळ असते, पण सणाआधी शेवटच्या दिवशी रांग लावण्यापेक्षा फादरांना विचारून वेगळी वेळ घेतलेली बरी. बरीच वर्षं गेला नसाल तर तसंच सांगा: "फादर, खूप वर्षांनी येतोय, कसं करायचं विसरलो." त्यात त्यांना नवल वाटत नाही. ऐकलेलं कुणालाही सांगण्याची धर्मगुरूला मुभा नसते, कुठल्याही कारणाने नाही. गंभीर पापांचं निवेदन वर्षातून निदान एकदा करावं असा चर्चचा नियम आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत थांबलंच पाहिजे असं मात्र कुठे नाही.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेतली सामुदायिक पापकबुली पुष्कळदा पाठ झाल्यामुळे अंगाला लागत नाही. मन फारच जड असेल तर पाळकांशी किंवा एखाद्या प्रौढ, पोटात ठेवणाऱ्या विश्वासणाऱ्याशी बोला. याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगितलंच आहे. फक्त माणूस निवडताना बघा: इतरांच्या गोष्टी तुम्हाला सांगतो तो तुमच्याही इतरांना सांगणार.

एकदा झालं की झालं. त्याच गोष्टीची क्षमा रोज रात्री नव्याने मागायची गरज नाही. टोचणी पुन्हा आली तर "हे झालंय, प्रभू, तुझे आभार" म्हणा आणि कूस बदला. भावना मागून येतात, कधी कधी बऱ्याच उशिरा. मात्र अपराधीपणाने झोप, भूक, काम सगळंच बिघडत असेल, तेच तेच विचार थांबत नसतील, तर तो फक्त विश्वासाचा प्रश्न राहत नाही. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि डॉक्टरकडे जाण्याने विश्वास कमी पडला असं होत नाही.

आपल्या ऋणकोंचं काय

प्रभूच्या प्रार्थनेत आपण दर रविवारी आपलीच अट मान्य करतो: जसे आम्ही आमच्या ऋण्यांस सोडले आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, सात वेळा पुरे ना? येशू म्हणतो, सत्तर गुणिले सात वेळा, आणि पाठोपाठ येते ती दोन कर्जांची गोष्ट. तिथले आकडे मांडून बघावेत. एक दीनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. दासाने राजाचे दहा हजार तालांत थकवले होते, आणि एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आणि सोबतीच्या दासाकडे त्याचं येणं होतं शंभर दीनार, त्याच हिशेबाने चार महिन्यांची मजुरी. शंभर दीनार ही क्षुल्लक रक्कम नव्हे, हे मला या गोष्टीत फार प्रामाणिक वाटतं. ज्याने तुमचा चार महिन्यांचा पगार बुडवला त्याचा राग येणारच. येशू त्या नुकसानीला खोटं म्हणत नाही. शेजारी दोन लाख वर्षं ठेवतो, बस्स.

कसं करायचं? त्या माणसाचं नाव घ्या, त्याने काय बुडवलं ते स्वतःशी स्पष्ट म्हणा, आणि सूड घेण्याचा हक्क देवाच्या हवाली करा. हे बहुतेकांना अनेकदा करावं लागतं. सत्तर गुणिले सात हा आकडा बहुधा एकाच अपराधाच्या आठवणींवर खर्च होतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण मंडळ्यांत हिचा फार गैरवापर होतो. क्षमा म्हणजे मार खात राहणं नव्हे, आणि गुन्हा झाकणंही नव्हे. नवरा मारतो त्या बहिणीला "ताई, क्षमा करा, घरी जा" असं सांगणाऱ्यांनी आधी त्या घरात रात्र काढावी. ती मनातून क्षमा करू शकते आणि १८१ वर फोनही करू शकते, दोन्ही एकाच दिवशी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात तर पर्यायच नाही: २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. करणारा वडीलमंडळींपैकी असो, शब्बाथशाळेचा शिक्षक असो, की पाळक स्वतः असो. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. "आपसात मिटवू" हे वाक्य ऐकू आलं की तिथून उठा आणि फोन करा.

दुसरी वही: भरपाई

बरेच लोक ही वही उघडतच नाहीत. देवाने क्षमा केली, मग माणसाकडे जायचं कशाला? तर जायचं यासाठी की देवाने सोडलं ते देवाचं येणं. भावाचे दोन लाख भावाचेच आहेत.

या बाबतीत बायबलचा सूर पहिल्यापासून एक आहे. गणनाच्या पाचव्या अध्यायात अपराध कबूल करून मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा परत द्यायला सांगितलंय. जकातदार जक्कय येशू भेटल्यावर लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला. डोंगरावरील प्रवचनात तर अर्पण वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाशी समेट करून ये म्हटलंय. कॅथलिक शिकवणही हेच सांगते की पापक्षमा मिळाली तरी चोरलेलं परत करणं, मोडलेलं सांधणं शिल्लक राहतं. चारशे गोष्टींवर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू इथे एका बाकावर बसतात.

मला सगळ्यात आवडतं ते प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र, बायबलमधलं एक अगदी छोटं पत्र. अनेसिम हा फिलेमोनाचा दास पौलाला भेटतो, विश्वास ठेवतो, पौल त्याला मुलगा म्हणतो. तरीही पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि सोबत लिहितो: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं लागत असेल, तर ते माझ्या खाती मांड. अनेसिमाला क्षमा मिळाली आहे, म्हणून नुकसान झालंच नाही असं पौल म्हणत नाही. रकमेसाठी तो स्वतः जामीन राहतो.

आता मुंबईचं उदाहरण घेऊ, म्हणजे खोलीचं. इथे भाऊबहिणी तुटतात त्या बहुतेकदा खोलीवरून. समजा लालबागच्या चाळीत वडिलांची खोली होती. पुनर्विकासाची बोलणी पक्की झाल्याचं थोरल्याला कळलं होतं. त्याने ते न सांगता बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली, "नुसती कागदपत्रं नावावर करतोय" म्हणून. पुढे त्याने पश्चात्ताप केला, रडला, मंडळीत साक्षही दिली. बहिणीच्या हातात काय पडलं? काही नाही.

त्याने तिच्याकडे जाऊन असं म्हणावं:

"ताई, बाबा गेल्यावर तुझ्याकडून सही घेतली तेव्हा बिल्डरशी बोलणी झाल्याचं मला ठाऊक होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. मी तुला फसवलं. तुझा वाटा किती होतो ते तू सांगशील त्या वकिलाकडून काढू आणि मी तो नोंदणी करून तुझ्या नावे देतो. तू मला माफ करावंस अशी माझी इच्छा आहे, पण ते तुझ्यावर. वाटा दोन्ही परिस्थितीत तुझाच."

या बोलण्याची घडण बघा. काय केलं ते नेमकं आहे. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हा पळपुटेपणा नाही. रक्कम आणि कागद यांची ठोस तजवीज आहे. आणि तिच्या माफीशी पैशाची सांगड घातलेली नाही. जाताना बायबल काखोटीला मारून जाऊ नका, आणि "देवाने मला क्षमा केली, आता तूही कर" असं तर चुकूनही म्हणू नका. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी मागणं हेही नको. आधी तिच्यापुढे, एकटीपुढे. ग्रुपवर तिची बदनामी केली असेल तर मात्र ग्रुपवरही.

काही अवघड प्रसंग. माणूस वारला असेल तर देणं वारसांना. माणूसच सापडत नसेल, उदाहरणार्थ कचेरीत खिडकीपाशी येणाऱ्या नाव-गाव नसलेल्या लोकांकडून घेतलेले पैसे, तर ते गरिबांना द्या आणि घेणं आजपासून बंद करा. दुसरं जमत नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. मंडळीच्या खात्यातून उचलले असतील तर खजिनदार आणि पाळक दोघांसमोर सांगा आणि पावती घेऊन भरा, दानपेटीत गुपचूप टाकून मोकळे होऊ नका, हिशेब कायमचा चुकीचा राहतो. कायद्याची बाजू गुंतली असेल तर आधी वकिलाशी बोला. आणि जुन्या प्रेमप्रकरणाची कबुली द्यायला एखाद्याच्या चालत्या संसारात जाऊन उभं राहण्याने फक्त तुमचं ओझं हलकं होणार असेल, तर ते ओझं पाळकांकडे उतरवा.

समोरच्याने दार लावून घेतलं तर? देणं देऊन या. चेक परत आला तर पैसे बाजूला ठेवा. आग्रह करू नका. तुमच्या बाजूची नोंद पुरी झाली, त्याच्या बाजूची तो सवडीने करील किंवा करणार नाही.

हातात काय आहे ते बघणं

आता तिसरी वही. कृपादान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उपदेश, गाणं, नाहीतर आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना एवढंच येतं. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय काढा. संदेश आणि शिक्षणाच्या रांगेतच सेवा आहे, दान देणं आहे, दया करणं आहे, आणि दया करणाऱ्याने ती हसतमुखाने करावी अशी खास पुस्ती आहे. पौल कुठल्या तरी कपाळाला आठ्या घातलेल्या सेवकाला भेटून आलेला असणार.

बायबलच्या सुरुवातीच्या पुस्तकांत देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केल्याचं ज्याच्याबद्दल सांगितलंय तो बसालेल कारागीर होता: सोनं, रुपं, पितळ, खडे बसवणं, लाकूड कोरणं (निर्गम ३१). यापोची दर्कस शिवणारी होती. ती वारल्यावर विधवांनी पेत्राला तिचे उपदेश सांगितले नाहीत, तिने शिवलेले कपडे दाखवले. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत असे.

आपल्याकडेही पाहा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कवित्व, अभंगाची ओढ, कीर्तनाची जाण हे त्यांच्यापाशी आधीच होतं. ते त्यांनी टाकून दिलं नाही, प्रभूच्या पायी वाहिलं, म्हणून आज आपल्या उपासनेत भजनं आहेत आणि टाळ आहेत. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं ते विधवा आणि मुलींना शिकवायला. लहानपणापासून अंगात मुरलेली विद्या पुढे त्यांनी साध्या मराठीत बायबल आणण्याला लावली.

तुमचं दान ओळखायला मोठी प्रश्नावली लागत नाही. लोक तुमच्याकडे कशासाठी येतात? मिक्सर बिघडला की? मुलीच्या लग्नाचं बोलणं करायला? इस्पितळात कुणाला दाखल करायचं असलं की? गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेले फोन आठवा, बरंचसं उत्तर तिथेच सापडतं. मग तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, त्यांत घरचं एक असू द्या आणि तुमची स्तुती न करणारं एक. मुंबईत याला आणखी एक कसोटी आहे: वेळ. विरार किंवा बदलापूरहून रोज येणाऱ्याने आठवड्यातल्या संध्याकाळचा शब्द देऊ नये, तो मोडणार. रविवारचं काम घेतलंत तर मेगाब्लॉक धरून घ्या.

आणि ज्याला "माझ्याकडे काहीच नाही" असं वाटतं त्याने रक्त द्यावं. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. पुरुषांनी तीन महिन्यांच्या आणि स्त्रियांनी चार महिन्यांच्या अंतराने. परळच्या आसपास कुठल्या रक्तपेढीला कधी गरज आहे ते फोनवर कळतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दाते गावी जातात तेव्हा द्या.

एक नमुना: फॉर्म भरून देण्याचं टेबल

सेवेबद्दल मोघम बोलण्यापेक्षा एकच काम नीट दाखवतो. मंडळीत एखादा निवृत्त कारकून, बँकेतली बाई किंवा कॉलेजची मुलगी असेल तर हे लगेच जमतं, आणि मुंबईत याची गरज कधी संपत नाही.

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात दीड तास एक टेबल मांडा. पाळकांची आणि समितीची परवानगी आधी घ्या. दोन माणसं, तीन खुर्च्या, काळं आणि निळं पेन, स्टेपलर, गोंद, कोऱ्या कागदांचं रिम, एक भिंग. झेरॉक्सचं दुकान रविवारी उघडं असतं का ते बघून ठेवा. लोक कशासाठी येतात? रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायला, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला, आरटीईच्या प्रवेशाला, बँकेच्या केवायसीला. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांसाठी टेबल जरा मोठं लागेल.

पहिल्या दिवशीच ध्यानात येईल की आपल्या लोकांची निम्मी अडचण नावांत आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर शमुवेल, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सॅम्युअल, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, आणि आडनाव एका ठिकाणी गायकवाड, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचं नावच आडनाव झालेलं. म्हणून फॉर्म हातात घेण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर फॉर्म भरू नका; आधी आधार दुरुस्त करायचं की राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा ते सांगा. यातच माणसाच्या चार फेऱ्या वाचतात.

काही नियम मोडू नयेत. ओटीपी विचारू नका, अर्जदाराने स्वतः टाइप करावा. आधारची झेरॉक्स स्वतःकडे ठेवू नका आणि फोटो मोबाइलमध्ये काढू नका. सही त्यानेच करायची, अंगठाही त्याचाच. एका वहीत तारीख, काम आणि कुठला कागद कमी पडला एवढंच लिहा. एक पैसाही घेऊ नका, चहासुद्धा नको. चहाचा नियम पहिल्यांदा उद्धट वाटतो, पण वर्षभराने त्याचं महत्त्व कळतं. आणि टेबल सगळ्यांसाठी असू द्या. शेजारच्या चाळीतली मुस्लिम आजी किंवा रात्रशाळेतला हिंदू मुलगा आला तर त्याच क्रमाने घ्या. फॉर्मसोबत पत्रक सरकवू नका. मदत ही मदतच असावी, आमिष नव्हे. कुणी आपणहून विचारलं की हे का करता, तर दोन वाक्यांत खरं ते सांगा.

परळच्या टाटा इस्पितळाबाहेर गावाकडून आलेल्या नातेवाइकांना रांग, धर्मशाळा, औषधाची खिडकी दाखवणं हेही याच जातीचं काम आहे. तिथे समाजसेवा विभागाशी बोलल्याशिवाय सुरू करू नका, आणि न विचारता कुणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू नका. थकलेल्या माणसाला नाही म्हणायचीही ताकद नसते.

सेवा कुठे बिघडते

फोटोने बिघडते. साडी घेणाऱ्या बाईचा चेहरा मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू न देण्याबद्दल येशूने पुरेसं स्पष्ट सांगितलंय. मुलांच्या कामात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, आणि नव्या स्वयंसेवकाची चौकशी केलेली हवी, तो कितीही आत्मिक बोलत असला तरी.

घरामुळेही बिघडते. जो माणूस चर्चच्या स्वयंपाकघरात दहा पातेली घासतो आणि घरी पाण्याचा पेला उचलत नाही, त्याच्या बायकोला त्याच्या कृपादानाबद्दल काय वाटतं ते कधीतरी विचारून बघा.

आणि सगळ्यात जास्त बिघडते ती वह्या पुन्हा मिसळल्यामुळे. खूण अशी: एखाद्या रविवारी काम चुकलं तर तुम्हाला हळहळ वाटते की भीती? हळहळ ठीक आहे. भीती वाटली, आता देव काहीतरी हिशेब काढील असं वाटलं, तर पहिल्या वहीकडे परत जा, एकदोन महिने काम सोडा आणि नुसते येऊन बसा. प्रभुभोजन घ्या. खुर्च्या दुसरं कुणीतरी लावील.

सहा महिन्यांनी ज्यांच्यासाठी काम चालवता त्यांनाच विचारा की उपयोग होतो का, आणि खोटं बोलायची त्यांना गरज पडू नये म्हणून दुसऱ्या कुणाला विचारायला लावा. एक शिकाऊ पहिल्यापासून सोबत ठेवा. कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे. गरज उरली नसेल तर काम बंद करायला लाजू नका. बंद करताना दोन रविवार आधी टेबलावर पाटी लावा आणि येणाऱ्यांना जवळच्या सेतू केंद्राचा पत्ता व वेळ कागदावर लिहून द्या.